कोपरखैरण्यातलं बचत गटाचं नाचणी सत्त्व आणि बाळंतिणीचा डबा: काय घ्यावं, काय टाळावं

नाचणी चांगली आहे. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

मी वाशीच्या एपीएमसीत, धान्य बाजारात माथाडी आहे, म्हणजे गोण्या उचलणारा. बी.कॉम. झालो, काही वर्षं महापेत एका कंपनीत टॅलीवर बिलं मारली आणि मग वडिलांच्या जागेवर माथाड्यांच्या टोळीत आलो. ५० किलोची गोणी पाठीवर आली की माल सुका आहे की दमट, नवा आहे की गोदामात वर्ष काढून आलाय, हे डोळ्यांच्या आधी पाठीला आणि नाकाला कळतं. त्यामुळे पोरीसाठी सत्त्व, म्हणजे मोड आलेल्या नाचणीचं पीठ, घ्यायला बचत गटाच्या या बायकांच्या खोलीत पहिल्यांदा गेलो तेव्हा पुडीला हात लावण्याआधी म्हटलं, "काकू, अख्खी नाचणी दाखवा." काकूंनी तोंड वाकडं न करता डबा पुढे सरकवला. मूठभर घेतली, तळहातावर पसरली. खडा नाही, काडी नाही, दाणा एकसारखा तांबूस. चार दाणे दाताखाली धरले तर कडकड फुटले. जुन्या मालाला जो कुबट वास येतो तोही नाही. काकू म्हणाल्या, "झालं का समाधान? आता पोरगी किती महिन्यांची ते सांगा."

हा प्रश्न त्या प्रत्येकाला विचारतात. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर सत्त्व देतच नाहीत. माझ्यासमोर एकजण चार महिन्यांच्या मुलासाठी आला होता, घरच्या आजीने पाठवलेला. त्याला सांगितलं, "अजून दोन महिने आईचं दूधच, पाणीसुद्धा नको. सहा महिने झाले की या, आम्ही कुठं पळून जात नाही." गिऱ्हाईक परत पाठवणारं दुकान मी मार्केटात क्वचितच बघितलंय.

जागा शोधायला थोडी अवघड आहे. माथाडी वसाहतीच्या बाजूला एका समाजमंदिराच्या मागची खोली. रिक्षा तोंडाशी सोडते, पुढे गल्लीतून चालत जायचं. दारावर फलक आहे, त्यावर गटाचं चांगलं लांबलचक नाव आहे आणि ते कोणीही घेत नाही. "सत्त्ववाल्या बायका कुठं बसतात?" विचारा, पोरंसुद्धा दाखवतील. गटात बहुतेक पाटण-जावळीकडच्या आहेत, एकदोन खानदेशातल्या. त्यामुळे भाकरी कशी थापायची यावर आत सतत वाद चालू असतो आणि तो ऐकायला मजा येते.

आता भाव. साधं नाचणी सत्त्व १०० ग्रॅम २२ रुपये, पाव किलो ५५, किलो २२०. वस्त्रगाळ १०० ग्रॅम २८, पाव किलो ७०. हे आकडे नीट बघा. पुडी लहान घेतली म्हणून दर वाढत नाही. मला या दुकानात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर हे. किराणा दुकानात जा, शाम्पूपासून हळदीपर्यंत गरिबाची पुडी ग्रॅममागे महागच पडते. लहान मुलांच्या खाण्याचं तर विचारूच नका: डब्यात अर्धा किलो पावडर, आणि अर्धा किलो एकदम घ्यायची ऐपत असेल तरच आत या. आमच्या गल्लीत बिगारी कामाला जाणारी, नाक्यावर उभी राहणारी जोडपी आहेत. त्यांच्या हातात पैसा रोजचा येतो, त्यामुळे खरेदीही रोजचीच. २२ रुपये त्यांना जमतात, दोन-अडीचशे एका फटक्यात जमत नाहीत. मग बाळाच्या वाट्याला काय येतं? चहात बुडवलेलं बिस्कीट. पाच रुपयांत पुडा येतो, रडं थांबतं. पण बिस्किटात मैदा आणि साखर, आणि वर चहा. चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. ही माहिती भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलीय आणि खाली कोणीतरी पेनने लिहिलंय, "मोठ्यांनी पण जेवल्यावर लगेच चहा पिऊ नये." ते वाचून मी निम्म्याने कमी केला, पूर्ण नाही.

साधं घ्यायचं की वस्त्रगाळ, हा प्रश्न नव्या आईबापांना पडतो. वस्त्रगाळ म्हणजे मोड आलेल्या नाचणीचं पीठ पातळ कापडातून गाळलेलं, अगदी मऊ. नुकतं खायला लागलेल्या बाळाला तेच बरं, घशात टोचत नाही. पण पोरगं आठ-नऊ महिन्यांचं झालं की साध्यावर या. नाचणीतलं कॅल्शियम, १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम, जास्त करून तिच्या सालात असतं. गाळून ते टाकायचं आणि त्यासाठी वर ६ रुपये द्यायचे, हा व्यवहार बी.कॉम.वाल्याला पटत नाही. गटातल्या बायकाही हेच सांगतात. महागडी वस्तू घेऊ नका असं सांगतात, हे आणखी एक नवल.

मोड आणण्याची गोष्ट मी मुद्दाम विचारून घेतली, कारण घरी करायचा प्रयत्न आमच्या मंडळींचा चालू असतो. नाचणी चार पाण्यांनी धुवायची, रात्रभर भिजत घालायची, फडक्यात बांधून दीड-दोन दिवस ठेवायची, अधूनमधून पाणी शिंपडायचं. मोड आले की सावलीत पसरून खडखडीत वाळवायची, मंद आचेवर हलकी भाजायची, हाताने चोळून मोड झाडायचे आणि मग दळायची. एवढा खटाटोप का, तर साध्या पिठाची पेज शिजवली की ती घट्ट गोळा होते. बाळाला गिळता यावी म्हणून आई पाणी ओतते, आणि वाटीत पाणीच जास्त, पीठ कमी उरतं. बाळाचं पोट लहान, ते पाण्यानेच भरतं. मोड आलेल्या दाण्यात जे पाचक रस तयार होतात ते पिठातला स्टार्च तोडतात, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ मावतं आणि पेज तरी पातळ राहते. म्हणजे वाटी तीच, पण पोटात जास्त जातं. शिवाय धान्यातला जो घटक लोह अडवून ठेवतो, तोही मोड आल्यावर कमी होतो. हे मला हिशोब ठेवणाऱ्या ताईंनी दोन वाट्या शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. एकीत चमचा उभा राहत होता, दुसरीतून पेज ओघळत होती. पीठ दोन्हीत मोजून सारखंच. त्या ताई बारावी आहेत. शिकवतात मात्र आमच्या कॉलेजच्या सरांपेक्षा बऱ्या.

नाचणी कुठून आणतात? आमच्या बाजारातूनच. बाजारात येणारी बरीचशी कर्नाटकातली असते, थोडी नाशिक-कोल्हापूरकडची. दिवाळीनंतर नवा माल आला की त्या एकदम उचलून ठेवतात. एक गोष्ट मला आधीपासून ठाऊक होती, कारण ती आमच्याच टोळीसमोर घडली. गाळ्यांसमोर गोण्या उतरताना दाणा सांडतो, तो झाडून गोळा करून स्वस्तात विकतात. कोणीतरी या बायकांना तसली झाडणीची नाचणी निम्म्या भावात देऊ केली होती. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या आक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुमच्या नातवाला घालता का? मग द्या." माणूस निमूट गेला.

सत्त्वाखालोखाल घ्यावी ती मूग-तांदळाची भरड. तांदूळ दोन वाटे, सालाची मूगडाळ एक वाटा, भाजून रवाळ दळलेली. कुकरला दोन शिट्ट्या, वरून चमचाभर तूप किंवा तेल. आमची पोरगी अकरा महिन्यांची आहे आणि ती ही खिचडी दोन्ही हातांनी खाते, म्हणजे निम्मी केसांना लावते. भाजी किसून घाला असं पाकिटावर लिहिलंय, तेही करतो: कधी गाजर, कधी लाल माठ. मीठ मात्र वर्षाच्या आत नको, साखरही नको, असं त्या ठणकावून सांगतात. माझी आई गावाहून आली होती तेव्हा यावरून जुंपली. "बिनमिठाचं कसं खाईल लेकरू? आमी काय मारलं का तुमास्नी?" आक्का तिच्याच वयाच्या, तिच्याच भागातल्या. त्यांनी आईला बाकड्यावर बसवलं, चहा दिला (चहाच!) आणि गावाकडच्या पिकापाण्याचं बोलत राहिल्या. मिठाचा विषय निघालाच नाही. पण दुसऱ्या दिवशी आईने खिचडीत मीठ घातलं नाही. काय जादू केली ते मला अजून समजलेलं नाही.

लाडू घेऊ नका. म्हणजे मोठ्यांसाठी घ्या, चवीला झकास आहेत, शेंगदाणा-तीळ-गुळाचे, खमंग. पण पाकिटावर "साखर नाही" असं लिहिलंय आणि आत गूळ इतका, की चिकटून बोटं धुवावी लागतात. गूळ काय वेगळा? मी हे तोंडावर बोललो. ताई म्हणाल्या, लाडूवर नफा मिळतो आणि त्या नफ्यावर सत्त्वाचा दर खाली ठेवता येतो. हिशोब पटला, पण मग पाकिटावर सरळ "गुळाचे" लिहा ना. नव्या पाकिटांवर बदलणार म्हणाल्या, अजून तरी जुनीच छापील पाकिटं संपवतायत. आणि हो, अख्खा लाडू लहान मुलाच्या हातात देऊ नका, शेंगदाण्याचा तुकडा घशात अडकतो. चुरून द्या, तोही थोडा.

आता बाळंतिणीचा डबा, ज्याच्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसलो.

आमची पोरगी जूनमध्ये झाली. सासूबाई आल्या होत्या, पण भातलावणीला त्यांना गावी जावंच लागलं. लावणी कोणासाठी थांबत नाही. बायको रबाळ्याला पॅकिंगच्या कामाला, तीही ठेकेदारामार्फत, म्हणजे २६ आठवड्यांची पगारी रजा फक्त ऐकायला छान. मला वरण-भात येतो, अंडी उकडता येतात, बाकी काही नाही. दहा बाय बाराची खोली, बाहेर पाऊस, आत ओली लंगोटं वाळत घातलेली. अशा वेळी डबा लावला.

एका डब्याचे ८० रुपये. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, घट्ट वरण, पालेभाजी, थोडा भात, एकाआड एक दिवस अळिवाची खीर. अंडं हवं असेल तर ८ रुपये वर. भाजीत शेपू-मूगडाळ, मेथी, माठ, कधी दुधी. तिखट बेताचं. साडेबाराच्या आत एक मुलगा सायकलवरून डबा आणून द्यायचा, पावसात प्लास्टिकची पिशवी बांधून. भाकरी मऊ असायची, आणि हे मी सहज म्हणत नाही, कारण ज्वारीची भाकरी दोन तासांनी चामडं होते. त्या पिठात गरम पाणी घालून उकड काढतात, म्हणून ती टिकते.

डब्यात किती काय असावं हे त्यांनी मनाने ठरवलेलं नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीच्या पूरक आहारातून रोज ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं धरलं होतं, आणि सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला ५०० कॅलरी, १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं. ताईंनी तो तक्ता भिंतीवर लावलाय आणि डब्यात त्यापेक्षा कमी जायला नको, हा त्यांचा नियम. वरण पातळ झालं की आक्का आत ओरडतात, "तक्ता बघा गं!"

पैशाचं कसं जमवलं? मातृवंदना योजनेचे पहिल्या मुलाला ५,००० रुपये मिळतात, दोन हप्त्यांत. पहिले ३,००० गरोदरपणातच आले होते आणि ते सोनोग्राफी-औषधांत कधी गेले कळलं नाही. उरलेले २,००० जन्मनोंदणी आणि पहिली लसीकरणाची फेरी पूर्ण झाल्यावर, म्हणजे बाळ साडेतीन महिन्यांचं झाल्यानंतर. डब्याची गरज मात्र पहिल्या दिवसापासून. इथे त्यांची उधारीची वही कामाला येते. डबा चालू करताना त्यांनी "आगाऊ किती देता?" असं विचारलंच नाही, "पगार कधी होतो?" एवढंच विचारलं. वही बंद ठेवतात, पान एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. तुमच्या घरी डबा उधारीवर येतोय की रोखीने, हे शेजारणीला समजत नाही. आमच्यासारख्या वस्तीत, जिथे भिंतीपलीकडचा खोकला ऐकू येतो, तिथे ही छोटी गोष्ट नाही.

तक्रार आहे ती रविवारची. धान्य बाजार रविवारी बंद, म्हणजे माथाड्याला तेवढा एकच दिवस मोकळा. नेमकं त्याच दिवशी यांचं दुकानही बंद आणि डबाही बंद. बाळंतीण रविवारी जेवत नाही का? बायका म्हणतात, आम्हालाही घर आहे. बरोबर आहे, मान्य आहे. पण आळीपाळीने दोघी बसल्या तरी चालेल. हे मी तीन वेगवेगळ्या तोंडांनी सांगून झालंय. दुसरी तक्रार दुधीची. श्रावणात दुधी स्वस्त झाला की हप्त्यात इतक्या वेळा यायचा, की बायकोने डब्याचं झाकण उघडायच्या आधीच नाक मुरडायला सुरुवात केली. दुधीने दूध वाढतं हे ऐकून ऐकून ती म्हणाली, "मग दूधच दुधीला पाजा."

वेळा मात्र लोकांच्या सोयीच्या आहेत: सकाळी सात ते दहा, संध्याकाळी साडेसहा ते नऊ. हे महत्त्वाचं का, ते सांगतो. आमच्या भागात अंगणवाडी आहे, सेविका चांगल्या आहेत, जीव तोडून काम करतात. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली, म्हणजे पन्नाशी उलटली. तीन वर्षांखालच्या मुलांना घरी न्यायचा शिधा मिळतो, वर्षाला ३०० दिवसांच्या हिशोबाने. पण अंगणवाडी दिवसा चालते, आणि आम्ही दोघंही दिवसा कामावर. शेजारच्या मावशी, ज्या पोरीला सांभाळतात, त्यांनी कधी आणला तर आणला. त्यात सेविकेला वजनं, मोबाइलवर पोषण ट्रॅकरच्या नोंदी, गृहभेटी, सर्व्हे. २०१७ ला सरकारने एका मुलाच्या दिवसाच्या आहाराला ८ रुपये ठरवले होते. आठ रुपयांत ५०० कॅलरी बसवायच्या म्हणजे काय कसरत असेल, ते भाव जाणणाऱ्यालाच माहीत. रेशनचं धान्य ज्यांचं कार्ड बसतं त्यांना मिळतं, माणशी महिना ५ किलो, २०२३ पासून फुकट, पण तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. पोट भरतं. डाळ, अंडं, भाजी, फळ यांचं काय, हा प्रश्न तसाच राहतो.

म्हणून मला या बायकांचं काम अंगणवाडीशी स्पर्धेचं वाटत नाही. सेविका ताई स्वतः शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे येतात. शनिवारी खोलीबाहेर मोठं पातेलं चढतं, प्रत्येक आईने घरून वाटी-चमचा आणायचा. अंगणवाडीतून मिळालेल्या पाकिटाचं काय करायचं तेही तिथेच दाखवतात, कारण ते पीठ बरेचजण चव आवडत नाही म्हणून तसंच ठेवतात. त्यात कांदा, कोथिंबीर, अंडं घालून धिरडी केली की मुलंच काय, मीही दोन खाल्ली. बाप फारसे येत नाहीत. मी गेलो की बाकड्यावर सरकून जागा देतात आणि नंतर माझ्याकडे बघून हसतात. चालायचंच.

तिथेच सेविका ताई मुलांचा दंडघेर मोजतात, रंगीत पट्टीने. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. गटाचा एक नियम मला फार आवडला: पट्टी लाल आली तर त्या मुलाच्या घरच्यांना त्या दिवशी काहीही विकत नाहीत. सत्त्वही नाही. आधी दवाखाना. एक तरुण बाई, पदरात अगदी हडकुळं पोर, दोन पुड्या मागत होती. तिला पुडी न देता हिशोबाच्या ताई तिच्याबरोबर रिक्षात बसल्या. तीव्र कुपोषित मूल घरच्या पेजेवर सोडून देण्याची वेळ नसते, आधी त्याला ताप, जुलाब, संसर्ग काही आहे का ते डॉक्टरांनी बघायला लागतं. आमच्यासारख्या शहरी, नोकरदार वस्तीत असली पोरं कुठून, असं वाटतं ना? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१: महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी, आणि सहा महिने ते पाच वर्षांतली ६८.९ टक्के रक्तक्षयी. आमच्या गल्लीतलीही त्यात आलीच.

या रक्तक्षयावरून एक सूचना, विकत घेणाऱ्यांसाठी. नाचणीत कॅल्शियम भरपूर, लोह त्या मानाने बेताचं. "सत्त्व देतोय, आता काही नको" असं समजू नका. डाळ, अंडं, पालेभाजी, वर लिंबू पिळून. आणि आशाताई देतात ते लोहाचं औषध, आठवड्यातून दोनदा १ मिली, ते बंद करू नका. शी काळी होते म्हणून आमच्याकडे दोन घरांनी बंद केलं होतं. दुकानाच्या दारावर हे लिहिलंय, पण फार बारीक अक्षरात, लाडवाच्या जाहिरातीखाली. उलटं पाहिजे.

भिंतीवर एक वर्तमानपत्राचं कात्रण प्लास्टिकमध्ये घालून लावलंय. २०१९ मधलं आहे. अंगणवाडीच्या आहाराच्या कामात महिला बचत गट बाहेर राहतील अशा अटी घातलेली महाराष्ट्रातली निविदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली होती, त्याची बातमी. या कामात ठेकेदार नकोत, असं त्याच न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं होतं. मी विचारलं, मग तुम्ही का नाही घेत ते काम? ताई म्हणाल्या, "दळण, पॅकिंग, तपासणी, गाडी, आणि बिल निघेपर्यंत थांबायला भांडवल. आमच्याकडे एक चक्की आणि अकरा बायकांचे गुडघे." तेवढं बोलून त्या पुड्या भरायला लागल्या. चक्कीच्या हप्त्याला आमच्या टोळीनेही थोडा हातभार लावलाय, हे इथे सांगितलेलं बरं. नाहीतर मी आतला माणूस म्हणून कौतुक करतोय असं कोणी नंतर म्हणायला नको. टोळी लाडवांचं गिऱ्हाईकही आहे, त्यामुळे मी काढलेली खोड आमच्याच मुकादमाला आवडलेली नाही.

पाकिटावर चौदा आकडी अन्न नोंदणी क्रमांक आहे, तयार केल्याची तारीखही आहे. तारीख मात्र शिक्क्याची, कधी कधी पुसट येते. न दिसली तर बदलून मागा, देतात. पावसाळ्यात जास्त जपा. त्या दिवसांत नाचणी खोलीत पंख्याखाली वाळवतात, माल कमी निघतो, आणि मागच्या ऑगस्टात शेजारच्यांच्या एका पुडीला दमट वास आला होता. त्यांनी ती काही न विचारता परत घेतली आणि पैसेही दिले. तरी वास घेऊनच घ्या. पीठ घरी नेलं की घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, कोरड्या चमच्याने काढायचं, आणि महिन्याभरात संपेल एवढंच आणायचं. पाव किलोच्या वर एकदम घेण्यात फायदा काहीच नाही, दर तोच आहे.

पाचपैकी चार. एक गुण रविवारचा कापला. लाडवाच्या पाकिटासाठी अर्धा कापणार होतो, पण भाकरीने तो भरून काढला.

जाणार असाल तर संध्याकाळी सातच्या आत जा, साडेसातला रबाळे-पावणे भागातल्या कंपन्यांतून सुटलेल्या बायकांची गर्दी होते आणि वस्त्रगाळ संपतं. मोबाइलवरून पैसे घेतात, पण गल्लीत नेटवर्क येत-जात असतं, सुट्टे जवळ ठेवा. डबा लावायचा असेल तर बाळंतपणाच्या तारखेच्या आधीच नाव सांगून ठेवा, कारण एका वेळी पंधरा डब्यांच्या वर घेत नाहीत. सध्या जूनची यादी भरत आलीय असं काल ऐकलं. आणि काकूंनी पोरीचं वय विचारलं तर महिन्यांत सांगा. "लहान आहे" म्हणालात तर पुन्हा विचारतील.